माग कधी थांबणार? न संपणाऱ्या गणनांची पार्श्वभूमी

सोलापुरी चादरीवरची नक्षी भोकं पाडलेल्या जॅकार्ड कार्डांतून उतरते. धोटा एकदा आडवा गेला की कार्ड बदलतं. भोक असेल तिथे सुई आत शिरते, हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. शेवटचं कार्ड पहिल्याला ओवलेलं असतं, त्यामुळे माळेत ‘थांब’ म्हणणारं कार्डच नसतं. माग थांबतो तो ताणा संपला किंवा कारागिराने बंद केला म्हणून.

तरी मागाचं भाकीत सोपं. माळेत ४०० कार्डं असतील तर ४०१ व्या वेळी पहिलंच येणार. मोजक्याच अवस्था असलेल्या यंत्रात एखादी अवस्था फिरून आली की ते चक्रात अडकलं, हे नक्की. लिहायला जागा कधीच न संपणाऱ्या यंत्राला मात्र हा हिशोब लागू पडत नाही.

असं यंत्र ब्रिटिश गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगने १९३६ मध्ये कागदावर मांडलं. कुठलंही तर्कविधान सिद्ध होईल की नाही हे ठरवणारी ठरीव रीत आहे का, हा हिल्बर्ट आणि आकरमान या गणितज्ञांचा १९२८ चा प्रश्न त्याला सोडवायचा होता. गंमत म्हणजे त्याच्या लेखी न थांबणारं यंत्रच चांगलं: अपूर्णांकाचे अंक छापतच राहणारं. अंक छापणं मध्येच बंद पडलं तर ते यंत्र त्याने ‘चक्राकार’ ठरवलं. ‘थांबेल का?’ हे प्रश्नाचं आजचं रूप तर्कशास्त्रज्ञ क्लीनी आणि मार्टिन डेव्हिस यांच्या १९५० च्या दशकातल्या पुस्तकांतून रुळलं.

या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक प्रोग्रॅमसाठी देणारी रीत असूच शकत नाही. त्याचा पुरावा चार ओळींचा. कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे अचूक सांगणारा तपासनीस आहे असं धरा. आता असा प्रोग्रॅम लिहा, जो तपासनिसाला स्वतःबद्दलच विचारतो. ‘थांबेल’ असं उत्तर आलं तर तो फिरत राहतो, ‘थांबणार नाही’ आलं तर लगेच थांबतो. दोन्हीकडून तपासनीस खोटा पडतो.

म्हणून एकेक प्रोग्रॅम तपासता येतो, सगळ्यांना पुरेल अशी एक रीत मिळत नाही. २००८ च्या ३१ डिसेंबरला मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झून हे गाणी ऐकायचे प्लेअर गोठले, ती चूक मात्र नुसत्या डोळ्यांनी सापडण्यासारखी होती. दिवसांच्या आकड्यावरून वर्ष काढणाऱ्या प्रोग्रॅमचा नियम असा: दिवस ३६५ हून जास्त असेपर्यंत फिरायचं. लीप वर्ष असेल आणि दिवस ३६६ हून जास्त असतील तरच ३६६ वजा करायचे. त्या दिवशी आकडा नेमका ३६६ होता. वजाबाकी होईना, फेराही सुटेना. उपाय एवढाच: बॅटरी पूर्ण उतरू द्यायची आणि १ जानेवारीला ग्रीनिच वेळेनुसार दुपारनंतर चार्जिंगला लावून सुरू करायचं.