त्रयस्थ पक्षाची हरकत आणि व्यावसायिक गुपित: दोन्ही एक नव्हेत

माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. जोडपत्र अ, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. मला बोलायचंय ते उत्तरात येणाऱ्या एका वाक्याबद्दल. "सदर माहिती त्रयस्थ पक्षाची असून त्यांनी हरकत घेतल्याने देता येत नाही." त्रयस्थ पक्ष म्हणजे अर्जदार आणि ते कार्यालय सोडून तिसरा कुणी, ठेकेदार म्हणा, कंपनी म्हणा. लोकांनी आणून दाखवलेल्या उत्तरांत हे इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय, आणि वाईट याचं वाटतं की अर्जदार पण ते वाचून म्हणतो कंपनीचं गुपित होतं, आता काय करणार, आणि फाईल कपाटात ठेवून देतो.

अहो, गुपित आहे असं त्यात कुठं लिहिलंय? हरकत आली एवढंच लिहिलंय.

माहिती अधिकार कायद्यात हरकत येते कलम ११ मधून आणि गुपित बसतं कलम ८ (१) (घ) मध्ये. ११ सांगतं की त्रयस्थाने दिलेली किंवा त्याच्याशी संबंधित आणि त्याने गोपनीय मानलेली माहिती द्यायचा विचार असेल तर अर्ज आल्यापासून ५ दिवसांत त्याला नोटीस काढा, त्याला म्हणणं मांडायला १० दिवस द्या, ते विचारात घ्या आणि अर्जापासून ४० दिवसांत निर्णय करा. निर्णय करायचा कुणी? जन माहिती अधिकाऱ्याने, म्हणजे ज्याच्याकडे आपण अर्ज केला त्याने. त्रयस्थाला ऐकून घेतलं जाण्याचा हक्क आहे, निर्णय पटला नाही तर अपिलाचा पण आहे, पण तो "नको" म्हणाला म्हणून विषय संपला असं कायदा कुठंच म्हणत नाही. नाकारायचं असेल तर कलम ८ किंवा ९ मधलं कारण दाखवावंच लागतं, आणि ८ (१) (घ) लावायचं तर नुसतं 'व्यावसायिक माहिती' लिहून भागत नाही, ती उघड झाली तर त्या माणसाचं धंद्यातल्या स्पर्धेत नुकसान होईल हे दिसलं पाहिजे, आणि तरीही व्यापक जनहित मोठं असेल तर ती देता येते.

माझंच सांगतो. आमच्या गल्लीतला रस्ता पहिल्या पावसात उखडला, खडी सगळी वर. मी मोजमाप पुस्तिका (किती काम झालं त्याची नोंदवही), डांबराच्या चाचणीचा रिपोर्ट, अंतिम बिल आणि दर पृथक्करण, म्हणजे ठेकेदाराचा दर कसा बसला त्याची फोड, मागितलं. उत्तराला ठेकेदाराचं लेटरहेड जोडलेलं, त्यावर एकच ओळ, "आमची व्यावसायिक माहिती कोणासही देऊ नये ही विनंती", खाली सही, गोल शिक्का. बास. आता बघा, मोजमाप पुस्तिका लिहितो ज्युनिअर इंजिनिअर, म्हणजे सरकारी माणूस. बिल भागवलं लोकांच्या पैशातून. यात ठेकेदाराचं गुपित कुठलं? पहिल्या अपिलात मी एवढंच विचारलं की या कागदांमुळं स्पर्धेत काय नुकसान होणार ते लेखी सांगा. सुनावणीत उत्तर नव्हतं, कागद मिळाले. दर पृथक्करणाचं पान तेवढं दिलं नाही, आणि त्यासाठी मी भांडलो पण नाही, कारण माल कुठून कितीला उचलतो हा खरंच त्याच्या धंद्याचा भाग आहे.

हे उलट्या बाजूने पण सांगायला पाहिजे, कारण आपल्यातलेच काहीजण म्हणतात सरकारी फाईलला लागलं की सगळं खुलं. तसं नाही. आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाऊंड्रीने परवान्यासाठी कागद दिले, त्यात कास्टिंगच्या ग्रेडचं मिश्रण असेल, गिऱ्हाईकाचं ड्रॉइंग असेल, तर ते शेजारच्या शेडवाल्याच्या हातात पडणं म्हणजे त्या माणसाच्या पोटावर पाय आहे आणि त्याने हरकत घेतलीच पाहिजे. पण त्याच फाईलमधलं प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र, त्यातल्या अटी, सांडपाण्याचे तपासणी रिपोर्ट हे गुपित नव्हे. पंचगंगेचं पाणी आपण पितो. अशा वेळी कलम १० वापरायचं, गुपिताचा भाग झाकून बाकीचं द्यायचं. अख्ख्या फाईलवर 'गोपनीय' शिक्का मारून आणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, शिक्क्याने कागद गुपित होत नाही.

टेंडरचं सोपं आहे. बोली उघडायच्या आधी दर गुप्त, काम दिल्यावर जिंकलेला दर गुप्त ठेवण्यात काही अर्थ नाही.

'विश्वासाश्रित संबंध' हा अजून एक शब्द मध्ये घुसतो, म्हणजे माहिती आमच्याकडे विश्वासाने सोपवलीय म्हणून देत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगितलंय की बँकांशी तुमचं तसं नातं नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि साखर कारखाना नाहीतर सहकारी संस्थेला थेट अर्ज करून परत आला म्हणून चिडू नका, सुप्रीम कोर्टाच्याच २०१३ च्या निकालाप्रमाणे नुसती सहकारी म्हणून ती सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे हा कायदा लागू असलेलं कार्यालय, ठरत नाही. सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या निबंधकाकडे अर्ज टाका, कायद्याने त्यांना जे मागवता येतं ते त्यांच्यामार्फत मागता येतं.

तर पुढच्या वेळी ते वाक्य आलं की अपिलात चार गोष्टी मागा: कलम ११ ची नोटीस कुठल्या तारखेला काढली त्याची प्रत, त्रयस्थाचं उत्तर, ८ (१) मधलं नेमकं कुठलं पोटकलम लावलं, आणि कलम १० का वापरलं नाही. नाकारणं बरोबर होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९ (५) प्रमाणे त्या अधिकाऱ्याची आहे, तुमची नाही, हे अपिलात पहिल्याच परिच्छेदात लिहा. अपिलाची मुदत ३० दिवस, उत्तर हातात पडल्याची तारीख पाकिटावर लिहून ठेवा.