स्कॉटिश मृत्युनोंदींतून वंशशोध

स्कॉटलंडमधील पूर्वजांचा माग तेथील सरकारी मृत्युनोंदवह्यांच्या, विशेषतः आता ऑनलाइन मिळणाऱ्या त्यांच्या प्रतिमांच्या आधारे काढण्याची पद्धत. जन्म सोडून मृत्यूपासून सुरुवात करणे उफराटे वाटते. स्कॉटलंडपुरते मात्र तेच सोयीचे पडते. मृताच्या वडिलांचे नाव व व्यवसाय, तसेच आईचे नाव तिच्या माहेरच्या आडनावासह लिहिण्याचे रकाने तेथील नोंदवहीत पहिल्यापासून आहेत. इंग्लंड व वेल्समध्ये नोंदणी १८३७ मध्येच सुरू झाली, पण तेथल्या त्या काळच्या नोंदीत प्रौढ मृताच्या आईवडिलांचा पत्ताच नसतो.

स्कॉटलंडमध्ये १८५४ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १८५५ पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद सक्तीची झाली. त्या वर्षी ऐंशीव्या वर्षी वारलेल्या एखाद्या शेतमजुराची नोंद सापडली, की १७७५ च्या सुमारास संसार करणारे एक जोडपे नावानिशी हाती लागते. १८५५ ची नोंद तर फारच भरघोस आहे : मृताचे जन्मस्थळ, त्या भागातील वास्तव्याची वर्षे, मुलांची नावे व वये, सगळेच त्यात विचारले होते. निबंधकांना हा पसारा झेपला नाही आणि पुढच्याच वर्षी रकाने छाटले गेले. त्यात पती किंवा पत्नीचे नावही गळाले. ते १८६१ मध्ये परत आले, तर दफनाचे ठिकाण त्याच वर्षापासून गेले. पूर्वज नेमका १८५५ मध्ये वारला असेल, तर वंशशोधकाचे नशीब थोर म्हणायचे.

या नोंदी नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड या सरकारी संस्थेच्या ‘स्कॉटलंड्सपीपल’ या संकेतस्थळावर आहेत. सूची चाळायला पैसे पडत नाहीत. पानाची प्रतिमा उघडण्यासाठी मात्र क्रेडिट विकत घ्यावे लागतात. गेल्या ५० वर्षांतील मृत्यूंच्या प्रतिमा ऑनलाइन दाखवल्या जात नाहीत. विवाहित स्त्री माहेरच्या व सासरच्या अशा दोन्ही आडनावांखाली सापडते, ही मोठीच सोय आहे. ‘मॅक’ने सुरू होणाऱ्या आडनावांचे स्पेलिंग लिहिणाऱ्यागणिक बदलते, तेथे अक्षरांच्या जागी तारांकन घालून शोधणे बरे. वयही पाचदहा वर्षे इकडेतिकडे धरावे.

वहीच्या एका पानावर तीनच नोंदी असतात. आईच्या नावापुढे ‘एम. एस.’ असे लिहून माहेरचे आडनाव दिलेले असते. पालक आधीच वारले असतील, तर तसा शेरा असतो. त्यावरून पालकांच्या मृत्यूचा शोध कोणत्या वर्षाच्या आधी घ्यायचा ते ठरते. मृत्यूचे कारण, आजाराची मुदत व डॉक्टरचे नाव शेजारीच असते. सर्वांत आधी वाचावा तो खबर देणाऱ्याचा रकाना. मुलाने आजीचे माहेर सांगितले असेल तर ते बहुधा खरे. शेजाऱ्याने किंवा जावयाने सांगितले असेल तर दुसऱ्या नोंदीशी ताडल्याशिवाय मानू नये. सही न येणाऱ्याच्या नावाशी फुलीची खूण असते.

समासात दुरुस्तीवहीचा, म्हणजे मूळ नोंदीत मागाहून झालेले बदल टिपणाऱ्या वेगळ्या वहीचा उल्लेख दिसला, तर ती नोंदही उघडावी. अपघाती वा संशयास्पद मृत्यूची चौकशी ‘प्रोक्युरेटर फिस्कल’ हा सरकारी अधिकारी करी आणि तिचा निष्कर्ष त्या वहीत नोंदवला जाई. खाणीत किंवा गिरणीत दगावलेल्या कामगाराची हकीकत बरेचदा तिथेच मिळते.

१८५५ पूर्वी मदार चर्चच्या जुन्या वह्यांवर. त्यांतील सर्वांत जुनी, पर्थशरमधील एरल गावची, १५५३ पासूनची आहे. पण दफनाच्या नोंदी तुटक असतात. कित्येक ठिकाणी शवपेटीवर घालायचे कापड चर्चकडून भाड्याने घेतल्याचा हिशेब, एवढाच मृत्यूचा पुरावा उरतो. गरिबांना ते भाडेही परवडत नसे, तेव्हा नाव नाही म्हणजे मृत्यू नाही, असे समजता येत नाही.

परदेशी वारलेले बहुतेक स्कॉट या वह्यांत नसतात. मुंबईत विल्सन कॉलेजचा पाया घालणारे मिशनरी जॉन विल्सन यांचा जन्म १८०४ मध्ये स्कॉटलंडमधील लॉडर येथे झाला. ते १८७५ मध्ये मुंबईतच वारले. त्यांच्यासारख्यांच्या दफनाचा शोध ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या) कागदपत्रांत, मुंबई इलाख्याच्या ‘एन/३’ मालिकेत घ्यावा लागतो. तेथे वय, हुद्दा व तारीख मिळते, आईवडिलांची नावे सहसा नाहीत.