सिंहाची गर्जना, वाघाची डरकाळी

प्राथमिक शाळेत आपल्याकडून पाठ करून घेतात: घोड्याचं खिंकाळणं, हत्तीचा चीत्कार, वाघाची डरकाळी, सिंहाची गर्जना. मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजे एमजीएम, या अमेरिकन चित्रसंस्थेच्या बोधचिन्हातला सिंह पडद्यावर जबडा उघडतो तेव्हा मात्र ही जोडी मोडते. १९८२ मध्ये त्याच्यासाठी जो आवाज नव्याने बांधला, त्यात वाघाची डरकाळी आहे. आणि आवाजच कशाला, तो सिंहसुद्धा एक नाही. ज्याला जग ‘लिओ’ म्हणून ओळखतं, त्याच्या जागी १९२४ पासून एकामागून एक सात खरे सिंह येऊन गेले. सिनेमाचं तंत्र बदललं की सिंह बदलायचा. म्हणूनच या बोधचिन्हाचा इतिहास पाहिला की सिनेमाच्या तंत्राचाही बराचसा इतिहास कळतो.

सिंह एमजीएमच्याही आधीचा. १९१६ मध्ये सॅम्युअल गोल्डफिश आणि सेल्विन बंधू यांनी कंपनी काढली आणि दोन्ही आडनावं जोडून तिला ‘गोल्डविन पिक्चर्स’ नाव दिलं. गोल्डफिश यांना ते नाव इतकं आवडलं की त्यांनी ते स्वतःलाच लावून घेतलं. हॉवर्ड डिट्झ या तरुण जाहिरातकाराकडे बोधचिन्हाचं काम आलं. तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेला होता आणि विद्यापीठाचं प्रतीक होतं सिंह. त्याने तो उचलला, भोवती फिल्मच्या फितीचं वलय गुंडाळलं आणि त्यावर लॅटिन ब्रीद लिहिलं: ‘आर्स ग्राशिया आर्टिस’, कलेसाठी कला. गल्ल्यावर चालणाऱ्या धंद्याच्या माथ्यावर हे वाक्य शतकभर टिकलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. डिट्झ पुढे नामांकित गीतकार झाला.

१९२४ मध्ये मार्कस लोव या चित्रपटगृहांच्या मालकाने मेट्रो, गोल्डविन आणि लुई मेयर यांच्या कंपन्या एकत्र केल्या. गोल्डविन स्वतः त्याआधीच बाहेर पडले होते. एमजीएममध्ये त्यांनी एक दिवसही काम केलं नाही, तरी नाव मधोमध राहिलं आणि सिंहही राहिला.

एमजीएमचा पहिला सिंह स्लॅट्स. मूकपटांचा काळ, त्यामुळे गर्जनेचा प्रश्नच नव्हता. तो नुसता बसतो आणि इकडेतिकडे पाहतो. ते काही सेकंद आज बघताना वाटतं, याला आपण पडद्यावर आहोत हे ठाऊकच नाही. कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी काहीतरी हललं आणि त्याने मान वळवली, एवढंच. ना रुबाब, ना आव. सातही सिंहांत मला हाच सगळ्यात जवळचा वाटतो. १९३६ मध्ये तो गेला, तेव्हा त्याचे प्रशिक्षक व्होल्नी फायफर यांनी न्यू जर्सीतल्या आपल्या शेतावर त्याला पुरलं.

१९२८ साली सगळं बदललं. चित्रपटांना आवाज फुटत होता आणि मुका सिंह आता चालणार नव्हता. जॅकी नावाचा दुसरा सिंह आला. तो आधी हलकेच गुरगुरतो, मग मोठ्याने गर्जतो, क्षणभर थांबतो आणि उजवीकडे पाहतो. पडद्यावर हे दिसत असताना गर्जना सुरुवातीला ग्रामोफोनच्या तबकडीवरून ऐकवली गेली. याच सुमाराचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: चौथऱ्यावर बसलेला सिंह, आणि काही हातांच्या अंतरावर कॅमेरा व ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन उभी असलेली माणसं. मध्ये जाळी नाही, पिंजरा नाही.

या खऱ्या छायाचित्राऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र दुसरंच फिरतं. त्यात सिंह टेबलावर बांधलेला आहे आणि खाली मजकूर, की एमजीएमने हे असं चित्रण केलं आणि दुसऱ्या दिवशी सिंहाने प्रशिक्षकाला मारलं. ते छायाचित्र इस्रायलमधल्या एका आजारी सिंहाच्या स्कॅनचं आहे, या शतकातलं. त्या प्राण्यावर उपचार चालले होते. फॉरवर्ड करण्याआधी एवढं तरी कळायला हवं.

जॅकीच्याच कारकिर्दीत, १९३८ मध्ये, एमजीएमने मुंबईत धोबीतलावला स्वतःचं चित्रपटगृह उभं केलं: मेट्रो. चौकाचं नाव वासुदेव बळवंत फडके चौक, पण मुंबईकर आजही ‘मेट्रोला उतरायचं’ असंच म्हणतात, आणि हे म्हणणं मेट्रो रेल्वेच्या कितीतरी आधीचं. त्या एका शब्दात एमजीएममधला ‘एम’ अजून जिवंत आहे. योगायोग असा, की जॅकी गरजू लागला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, कोल्हापुरात पाच भागीदारांनी प्रभात फिल्म कंपनी काढली, आणि तिच्या बोधचिन्हातली युवती तुतारी फुंकते. चित्रपटाची वर्दी आवाजाने द्यायची, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच रुजली. आपल्या आजीआजोबांच्या पिढीला या दोन्ही खुणा सारख्याच ओळखीच्या होत्या.

मग रंग आला, आणि रंगीत सिंहासाठी टेक्निकलर या रंगीत चित्रणपद्धतीच्या कॅमेऱ्यासमोर नवं चित्रण करावं लागलं. दोन रंगांच्या जुन्या टेक्निकलरसाठी टेली आणि कॉफी असे दोन सिंह थोडाथोडा काळ होते. तीन रंगांची पद्धत आल्यावर टॅनर आला. पुढची वीसेक वर्षं दोन सिंह एकाच वेळी नोकरीत होते: कृष्णधवल चित्रपटाला जॅकी, रंगीत चित्रपटाला टॅनर. १९३९ चा ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ रंगांसाठी गाजला, पण त्याची सुरुवात तपकिरी छटेत आहे, म्हणून तिथे जॅकीच दिसतो, तोही तपकिरी. टॅनर मात्र आपल्या घराघरांत येऊन गेलेला आहे. जुन्या ‘टॉम अँड जेरी’च्या आधी गर्जतो तो हाच. साठच्या दशकातल्या भागांत तर सिंहाची गर्जना संपते आणि त्याच वलयात टॉम येऊन ओरडतो.

१९५६ मध्ये दाट आयाळीचा जॉर्ज आला आणि थोड्याच काळात गेला. १९५७ पासून ज्याचं चित्रण वापरलं गेलं, तो सातवा. याचं नाव खरोखरच लिओ. आधीच्या सिंहांपेक्षा तरुण, आयाळ आखूड. एवढ्या एका चित्रणावर त्याने साठ वर्षांहून अधिक काळ काढला.

तरीही त्या गर्जनेला एकदा जाणीवपूर्वक थांबवलं गेलं. १९५९ च्या ‘बेन-हर’ची सुरुवात येशूच्या जन्माने होते. दिग्दर्शक विल्यम वायलर यांना त्याआधी गर्जना नको होती, म्हणून तिथे सिंह स्तब्ध आणि मुका आहे. बोधचिन्ह म्हणजे कंपनीची सही. एका प्रसंगाचा आब राखण्यासाठी त्या सहीलाही गप्प बसवणं, ही मला या साऱ्या इतिहासातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. साठच्या दशकात कंपनीने जिवंत सिंह काढून रेषांतलं आधुनिक चिन्हही वापरून पाहिलं. १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’च्या सुरुवातीला ते आहे. पण मोजक्या चित्रपटांनंतर पडद्यावर लिओच परतला.

आता डरकाळीकडे. ऐंशीच्या दशकात स्टिरिओ ध्वनी सर्रास झाला आणि जुनी गर्जना त्यापुढे फिकी पडू लागली. १९८२ च्या ‘पोल्टरगाइस्ट’च्या सुमारास मार्क मँजिनी या ध्वनिसंयोजकाने ती नव्याने बांधली. सिंह इतका हिंस्र, चवताळलेला आवाज काढतच नाही, बोधचिन्हाला हवा होता तो आवाज वाघाकडे होता, असं मँजिनी यांनी सांगितलं आहे. पुढे दोन ऑस्कर मिळवलेल्या या माणसाचं हे काम करोडो लोकांनी ऐकलं. माझ्या मते ऐकणाऱ्यांपैकी भारतीयांनी तरी ते ओळखायला हवं होतं. वाघाचा मुलूख आपला!

१९८६ मध्ये अमेरिकन माध्यम-उद्योजक टेड टर्नर यांनी एमजीएम घेतली, पण पैशांच्या ओढाताणीत काही महिन्यांतच बहुतेक भाग परत विकला. स्वतःकडे ठेवला तो जुन्या चित्रपटांचा साठा. तो पुढे वॉर्नरकडे गेला. त्यामुळे जॅकी आणि टॅनर ज्या चित्रपटांआधी गर्जतात, ते बहुतेक आज एमजीएमच्या मालकीचे नाहीत. कंपनी २०२२ मध्ये ८४५ कोटी डॉलरला अ‍ॅमेझॉनकडे गेली. त्याच्या वर्षभर आधी, मार्च २०२१ मध्ये, नवं बोधचिन्ह जाहीर झालं होतं. त्यातला सिंह लिओवरून बेतलेला, पण आयाळीच्या केसांसकट संपूर्ण संगणकावर घडवलेला आहे. ब्रीद आधी इंग्रजीत उमटतं आणि मग त्याची अक्षरं बदलत लॅटिन होतात. सिंह पूर्वीसारखाच मान वळवतो, पण त्याच्या समोर आता कॅमेरा नाही, आणि कॅमेऱ्यामागे श्वास रोखून उभा असलेला फायफरसारखा कुणी माणूसही नाही.