लोक भीतीनेच पाणी वाचवतात का?

उन्हाळा लागला की एक मजकूर हमखास फिरतो: "भीती दाखवल्याशिवाय, लाज वाटल्याशिवाय लोक पाणी वाचवत नाहीत." मराठवाड्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हे पटणं साहजिक आहे. टंचाईत सगळे काटकसर करतात, हे आपण पाहतोच.

पण तेव्हा हात आखडतो तो हंडा रिकामा असतो म्हणून. पाऊस पडला, नळ सुरू झाला की सवय सुटते. शिवाय नुसती भीती घातली आणि करायचं काय ते सांगितलं नाही, तर माणूस विषयच टाळतो. लाजेचंही तसंच, दोष दिला की तो आधी स्वतःचा बचाव करतो.

2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काहींना पर्यावरणपूरक निवड केल्यावर वाटणाऱ्या अभिमानाचा विचार करायला सांगितलं, काहींना न केल्यावर टोचणाऱ्या अपराधीपणाचा. अभिमानवाल्यांचा कल अशा निवडीकडे जास्त दिसला.

आपल्याकडचे शोषखड्डे घ्या. सांडपाणी जमिनीत मुरतं, दारातली गटार आटते, डास कमी होतात. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण समाधान लगेच, दारातच मिळतं आणि शेजाऱ्यालाही दिसतं.

पडताळायचं असेल तर सारख्याच वापराच्या दोन गल्ल्या घ्या. एकीत इशाऱ्याचा फलक लावा, दुसरीत वाचलेल्या पाण्याचा आकडा आणि शाबासकी. टाकीची पातळी रोज लिहा, महिन्याने फलक अदलाबदल करा. फलक काढल्यानंतरचे आकडेही जरूर टिपा. सवय टिकली का, ते तिथेच कळतं.