अ‍ॅमस्टरडॅमची कालव्याकाठची घरं

अ‍ॅमस्टरडॅममध्ये कालव्यांच्या काठाने एकमेकांना खेटून उभी असलेली उंच, अरुंद, विटांची घरं, बहुतेक 17व्या-18व्या शतकातली. हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे मोठे कालवे 1613 पासून खोदायला घेतले, आणि 2010 मध्ये हा सगळा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

माल होडीने यायचा, म्हणून प्रत्येक व्यापाऱ्याला पाण्यालगतच जागा हवी असायची, मग प्लॉट पुढून चिंचोळा आणि आत लांबच लांब. आउडे होगस्ट्राट या रस्त्यावरचं एक घर तर जेमतेम 2 मीटर रुंद आहे! एवढ्याशा जागेत जिना शिडीसारखा उभाच होणार, त्यावरून कपाट काय, साधी गादी नेतानाही घाम फुटतो.

म्हणून घराच्या कपाळावर, अगदी माळ्याच्या वर, एक जाड तुळई बाहेर काढलेली असते आणि तिला लोखंडी हूक. हुकाला कप्पी लावायची, दोर सोडायचा, खाली दोघं-तिघं ओढणारे, आणि वर कोणीतरी खिडकीची चौकट काढून वाट बघत उभा, कपाट हळूहळू गोल फिरत वर येतं आणि तो ते आत ओढून घेतो. पूर्वी अशीच पोती थेट माळ्यावर जायची कारण गोदाम तिथेच, आणि आजही घर बदलताना हे हूक वापरतात, मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. वर जाणारं सामान भिंतीवर, काचांवर आपटू नये म्हणून दर्शनी भिंत मुद्दाम थोडी पुढे झुकवून बांधायचे. पण जी घरं बाजूला कललीत ती मुद्दाम नाही, ती खचलीत.

कारण खाली जमीन नाहीच, नुसता चिखल आणि पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची भुसभुशीत माती), त्यामुळे साधारण 11-12 मीटर लांब लाकडी खांब खालच्या वाळूच्या थरापर्यंत ठोकून त्यावर घर उभं करायचं. लाकूड पाण्यात बुडून राहिलं तर शतकानुशतकं टिकतं, भूजल खाली गेलं आणि हवा लागली की बुरशी धरते आणि कुजायला लागतं. वजन कमी ठेवायचं म्हणून मजल्यांचा भार बाजूच्या भिंतींवर आणि पुढची भिंत हलकी, म्हणूनच तिच्यात एवढ्या मोठ्या खिडक्या बसतात आणि खोलवर उजेड जातो.

तरी मधे अंधार राहतोच, म्हणून बऱ्याच ठिकाणी पुढचं घर, मधे छोटा चौक आणि मागे वेगळं घर अशी रचना. मागचं घर रस्त्यावरून दिसतच नाही, प्रिन्सेनग्राख्तवरच्या 263 नंबरच्या घराच्या अशाच मागच्या भागात डायरी लिहिणारी ज्यू मुलगी अ‍ॅन फ्रँक आणि इतर सातजण 1942 पासून 1944 पर्यंत नाझींपासून लपून राहिले होते.