खटल्यांच्या फायलींतून आलेली सुरक्षितता

डॉक्टरांवर खटले भरण्याची परंपरा जुनी. रुग्णसुरक्षेचा पद्धतशीर विचार अलीकडचा. इंग्लंडमध्ये १७६७ साली गाजलेल्या एका खटल्यात, जुळत आलेले पायाचे हाड रुग्णाला न विचारता पुन्हा मोडून त्यावर नवे उपकरण बसवल्याचा आरोप होता. इतर सर्जननी साक्ष दिली की असे करण्याआधी रुग्णाची संमती घेतात. रुग्णाला ५०० पौंड भरपाई मिळाली.

समव्यवसायी काय म्हणतात, हा निकष पुढे पक्काच झाला. १९५७च्या बोलम खटल्यात मानसिक आजारावर उपचार म्हणून विजेचे झटके देताना स्नायू सैल करणारे औषध दिले नव्हते आणि रुग्णाची हाडे मोडली. तरी रुग्णालय सुटले, कारण जाणत्या डॉक्टरांचा एक गट तसेच करत होता. रुग्णाला उपचारांतल्या धोक्यांची माहिती देण्यापुरता हा निकष ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये बाजूला सारला.

चूक कोणाची, हे न्यायालय ठरवते. पुढच्या रुग्णाचे काय, हा प्रश्न तिथे येतच नाही. शिवाय बहुतेक प्रकरणे कोर्टापर्यंत पोचतही नाहीत. न्यूयॉर्क राज्यातील रुग्णालयांच्या १९८४च्या ३०,०००हून अधिक केसपेपर्सचा अभ्यास झाला, तेव्हा निष्काळजीपणामुळे इजा झालेल्यांपैकी २ टक्क्यांहूनही कमी जणांनी दावा केल्याचे दिसले. न्यूझीलंडने तर १९७४पासूनच दोष सिद्ध न करता भरपाई द्यायला सुरुवात केली होती.

या सगळ्यात भूलशास्त्राची गोष्ट वेगळी आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत दाव्यांची लाट आली, विम्याचे हप्ते भडकले आणि भूलतज्ज्ञांना त्याची झळ चांगलीच बसली. त्याच सुमारास बोस्टनमध्ये जेफ्री कूपर या अभियंत्याने विमान अपघातांच्या तपासातली पद्धत उचलून भूल देतानाच्या चुका खोदून काढल्या. १९७८मध्ये त्याने दाखवले की बहुतेक प्रसंगांत माणूस चुकला होता. पण थकवा, अपुरा संवाद आणि यंत्रांची रचनाही त्याला चुकायला लावत होती.

मग अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९८०च्या दशकाच्या मध्यात एक धाडसी काम केले. विमा कंपन्यांकडच्या निकाली निघालेल्या दाव्यांच्या फायली वाचायला घेतल्या. वकिलांनी भांडणासाठी जमवलेले हे कागद डॉक्टरांसाठी आयता पुरावाच ठरले. त्यांत श्वासाचे प्रसंग सर्वांत ठळक होते: श्वासनलिकेऐवजी नळी अन्ननलिकेत गेलेली, आणि रुग्ण निळा पडेपर्यंत कोणाच्या लक्षात न आलेले. नुसते छातीला स्टेथोस्कोप लावून हे खात्रीने कळत नाही. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र मात्र काही श्वासांतच सांगते, आणि पल्स ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन घसरताना दाखवतो. १९८६मध्ये संघटनेने भूल चालू असताना सतत देखरेखीचे मानक ठरवले. पुढे ही दोन्ही यंत्रे त्यात आली. भूलतज्ज्ञांचे विम्याचे हप्तेही नंतर उतरले.