नावातला प्राणी आणि गोळीतलं दूध

होमिओपॅथीच्या दोन बाटल्या समोर ठेवू. एकीवर लिहिलंय 'एपिस मेलिफिका ३०', आत साखरेच्या बारीक गोळ्या. दुसरीवर 'कॅल्केरिया फॉस्फोरिका ६एक्स', आत पांढऱ्या टॅब्लेट. एपिस म्हणजे अख्खी मधमाशी, अल्कोहोलमध्ये मुरवलेली. कॅल्केरिया फॉस म्हणजे रासायनिक क्रियेनं तयार केलेलं कॅल्शियमचं फॉस्फेट. मग पहिली बाटली मांसाहारी आणि दुसरी शाकाहारी, असं पटकन वाटतं. पण दुसऱ्या बाटलीतली टॅब्लेट जवळजवळ संपूर्णपणे दुधातल्या साखरेची असते. पहिलीत मात्र मधमाशीचा एक रेणूसुद्धा उरलेला असण्याची शक्यता नाही, आणि गोळ्या ऊस किंवा बीटच्या साखरेच्या असतील तर दुधाचाही अंश नाही.

गोंधळ होतो तो इथेच. होमिओपॅथीच्या औषधात दोन निरनिराळ्या गोष्टी असतात: औषध ज्यापासून बनलं ते मूळ द्रव्य, आणि ते ज्यातून पोटात जातं ते माध्यम. लेबलवर ठळक अक्षरांत असतं ते मूळ द्रव्य. आपण गिळतो ते मुख्यतः माध्यम. शाकाहारी माणसाचा प्रश्न बहुतेक वेळा मूळ द्रव्यापाशी सुटतो. व्हीगन माणसाचा तिथे फक्त सुरू होतो, कारण त्याला दूध, मध, मेण, लोकर यांतलं काहीच चालत नाही.

मूळ द्रव्य ओळखायला नावाचा आधार घ्यावा, तर नावं लॅटिन, आणि ती बेधडक फसवतात. 'कार्बो व्हेजिटॅबिलिस' आणि 'कार्बो ॲनिमॅलिस' ही जोडी प्रामाणिक आहे: पहिला लाकडाचा कोळसा, दुसरा जाळलेल्या चामड्याचा. पण 'कॉकस कॅक्टाय' ऐकून निवडुंग डोळ्यांपुढे आला तर चुकलात. तो निवडुंगावर जगणारा कोचिनिअल किडा आहे. 'स्पॉन्जिया टोस्टा' हा भाजलेला समुद्री स्पंज, आणि स्पंज दिसायला कसाही असला तरी प्राणीच. उलट बाजूही तितकीच गमतीची आहे. 'बोव्हिस्टा' या नावात बैल दडलेला वाटतो, पण ती एक भूछत्री आहे. 'लायकोपोडियम' म्हणजे शब्दशः लांडग्याचा पाय, प्रत्यक्षात एका शेवाळासारख्या वनस्पतीचे बीजाणू. 'सँग्विनेरिया'त रक्त आहे ते फक्त नावात. तिच्या मुळाचा रस लाल असतो, एवढंच. आणि 'हेपार सल्फ'मधला 'हेपार' म्हणजे यकृत, पण त्यात यकृताचा संबंध नाही. मात्र म्हणून ते शाकाहारी ठरत नाही, कारण ते कालवाच्या शिंपल्याचा आतला थर आणि गंधक एकत्र तापवून केलेलं असतं.

कालवाच्या शिंपल्यावरून 'कॅल्केरिया कार्बोनिका' आठवतं. कॅल्शियमचं कार्बोनेट म्हटलं की खनिज असणार, असं कुणीही धरून चालेल. पण होमिओपॅथीचा जनक सॅम्युएल हानेमान यानं ते शिंपल्यापासून घेतलं आणि आजही 'कॅल्क कार्ब' म्हटलं की तेच अभिप्रेत असतं. त्याच्या शेजारची कॅल्केरिया फॉस, कॅल्केरिया फ्लोर, कॅल्केरिया सल्फ ही मात्र खनिज किंवा रासायनिक मूळ असलेली. म्हणजे कॅल्केरियांचं घराणं एक, पण थोरली समुद्रातून आलेली.

उघडउघड प्राणिज औषधं ओळखणं त्यामानानं सोपं. सेपिया म्हणजे कटलफिशची शाई, कँथारिस हा एक भुंगा, ब्लाटा ओरिएंटॅलिस म्हणजे झुरळ, अम्ब्रा ग्रीसिया हे स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारं द्रव्य, मॉस्कस ही कस्तुरी. लॅकेसिस हे सापाचं विष, ते कॉन्स्टंटाइन हेरिंग यानं १८२८च्या सुमारास दक्षिण अमेरिकेत सुरिनाममध्ये औषध म्हणून आणलं. सोरिनम, ट्युबरक्युलिनम यांसारखी 'नोसोड' म्हणवणारी औषधं तर रोगाच्या स्रावांपासून किंवा जंतूंच्या द्रव्यापासून केलेली असतात. ती शाकाहारी म्हणायची की नाही, यावर मी वाद घालणार नाही. ज्याचा त्यानं निर्णय करावा.

शाकाहारी आणि व्हीगन यांची वाट मूळ द्रव्याच्याच पातळीवर एका ठिकाणी नेमकी फुटते: दुधाच्या औषधांपाशी. 'लॅक डिफ्लोरेटम' म्हणजे साय काढलेलं गायीचं दूध, 'लॅक कॅनिनम' म्हणजे कुत्रीचं दूध. दूध घेणाऱ्या शाकाहारी माणसाला तत्त्वतः यात अडचण नाही (कुत्रीच्या दुधाबद्दल नाक मुरडणं हा वेगळा मामला). व्हीगनला दोन्ही बाद.

आता माध्यम. द्रवरूप औषधात ते पाणी आणि अल्कोहोल असतं. गोळ्या बहुधा सुक्रोजच्या, म्हणजे नेहमीच्या साखरेच्या असतात, पण काही ठिकाणी त्यात लॅक्टोजही मिसळतात. टॅब्लेट आणि भुकटी मात्र लॅक्टोजच्या, म्हणजे दुधातल्या साखरेच्या. कॅल्केरिया फॉस ६एक्सचं उदाहरण घ्या. 'एक्स' म्हणजे दर पायरीला दहापट विरलन. सहा पायऱ्यांनंतर दहा लाख भागांत औषध एक भाग, बाकीचं सगळं लॅक्टोज. विल्हेल्म शूस्लर या जर्मन डॉक्टरनं १९व्या शतकात मांडलेली बारा बायोकेमिक क्षारांची पद्धत यामुळेच मजेशीर ठरते. बारापैकी एकही क्षार प्राणिज नाही. शाकाहारी माणसाला यादी डोळे मिटून चालावी अशी. आणि तीच औषधं नेहमीच्या टॅब्लेटच्या रूपात, दिवसातून कितीतरी वेळा चार-चार चघळली, तर व्हीगन माणूस रोज दुधाची साखरच खात असतो.

याहून विचित्र गोष्ट म्हणजे 'सॅक लॅक'. होमिओपॅथ कधी कधी दोन डोसांच्या मध्ये कागदाच्या पुड्या देतात, त्यांत औषधाचा थेंबही नसतो, नुसतं लॅक्टोज असतं. म्हणजे ज्या पुडीत औषधच नाही, तीत दुधाचा भाग सगळ्यात जास्त.

लॅक्टोज येतं कुठून? चीज किंवा केसीन (दुधातलं प्रथिन) करताना नासवलेल्या दुधाचं जे पाणी उरतं, त्यातून. चीजसाठी दूध नासवायला काही ठिकाणी वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. म्हणून रेनेट असलेलं चीज टाळणाऱ्या काटेकोर शाकाहारी लोकांनाही लॅक्टोजबद्दल विचारण्याचं कारण आहे. बहुतेकांना हे लक्षातच येत नाही, कारण दूध चालतं म्हटलं की चौकशी थांबते. सुक्रोजलाही एक उपकथा आहे: उसाची साखर पांढरी करताना काही कारखाने हाडांचा कोळसा वापरतात. बीटच्या साखरेत तो प्रकार नसतो.

मग द्रवरूप औषध घेतलं की व्हीगन सुटला? बऱ्याच अंशी. पण खनिजं, कोळसे, बीजाणू असे न विरघळणारे पदार्थ आधी लॅक्टोजमध्ये खलले जातात आणि तिसऱ्या शततमान (दर पायरीला शंभरपट पातळ, म्हणजे 'सी') पायरीनंतरच द्रवात नेले जातात. म्हणून सिलिशिया (वाळूतलं सिलिका) ३० थेंबांच्या रूपात घेतलं तरी त्याच्या जन्मवेळी दूध हजर होतंच. अर्निका किंवा बेलाडोनासारख्या वनस्पतींच्या अर्काला ते लागत नाही. मात्र हे अंतर कागदावरचं आहे. बाटलीवरचं ३० म्हणजे ३०सी, म्हणजेच मूळ पदार्थ एकावर साठ शून्यं एवढ्या पटीनं पातळ केलेला. अॅव्होगॅड्रोच्या आकड्याचा (ठरावीक वजनाच्या पदार्थात किती रेणू असतात, ते सांगणारा आकडा) हिशेब धरला तर १२सीच्या पुढे मूळ द्रव्याचा रेणू सापडण्याची अपेक्षाच उरत नाही. तोच हिशेब खललेल्या लॅक्टोजलाही लागू होतो, फक्त ते नंतरच्या पायरीला आलेलं असल्यामुळे तीन पायऱ्या उशिरानं.

यावर कुणी म्हणेल, रेणूच नाही तर मधमाशीची काळजी कशाला? प्रश्न रास्त आहे, पण व्हीगन माणूस ताटातल्या रेणूंपुरता विचार करत नाही. १९४४ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या व्हीगन सोसायटीच्या व्याख्येत प्राण्यांचं शोषण 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' टाळणं असा सूर आहे. त्या नजरेनं पाहिलं तर मूळ मधमाशी मारली गेलीच. मात्र एका तयार अर्कातून अगणित डोस निघतात, तर लॅक्टोजची मागणी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टॅब्लेटबरोबर वाढते. माझ्या मते नावातल्या मधमाशीपेक्षा टॅब्लेटमधल्या दुधाचा विचार आधी करायला हवा. लोक नेमकं उलट करतात.

ही औषधं गुण देतात का, हा प्रश्न टाळून चालणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य आणि वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१५ साली उपलब्ध अभ्यास तपासून, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराबाबत नाही, असा निष्कर्ष काढला. गंभीर आजारात सुरू असलेले उपचार यासाठी थांबवू नयेत. आणि उलट, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या नेहमीच्या गोळीत लॅक्टोज आहे म्हणून तीही परस्पर बंद करू नये.

घ्यायचं ठरलंच असेल तर आपण शाकाहारी की व्हीगन, ते होमिओपॅथला पहिल्याच भेटीत सांगावं. त्यांच्या पद्धतीत सेपियाच्या जागी पल्सॅटिला हे वनस्पतीचं औषध सहज बसवता येत नाही, लक्षणांवरून एकच औषध काढलं जातं, म्हणून औषध ठरल्यावर बदला म्हणणं त्यांना गैरसोयीचं होतं. पण औषधांचा मोठा भाग वनस्पती आणि खनिजांचा असल्यानं आधी कळलं तर वाव राहतो. माध्यम बदलणं तर त्याहून सोपं: तेच औषध थेंबांत किंवा निव्वळ सुक्रोजच्या गोळ्यांवर मागता येतं. अल्कोहोल टाळणाऱ्यांनी थेंबांऐवजी गोळ्या घ्याव्यात. गोळ्यांवर अर्क टाकून त्या वाळवल्या की अल्कोहोल बहुतांश उडून जातं. मलमांत लोकरीपासूनचं लॅनोलिन किंवा मधमाशांचं मेण असू शकतं, सिरपात मध, टॅब्लेटमध्ये मॅग्नेशियम स्टिअरेट, आणि ते प्राणिज चरबीपासूनही करता येतं.

फक्त विचारताना शब्द जपून वापरा. "गोळ्या कशाच्या?" असं विचारलं की उत्तर येतं, "साखरेच्या." लॅक्टोज हीसुद्धा साखरच. त्यामुळे "सुक्रोज की लॅक्टोज?" असंच विचारावं, आणि लेबलवर 'शुगर ऑफ मिल्क' किंवा 'सॅकरम लॅक्टिस' दिसलं तर ते दूधच समजावं.